गार पाण्याची राखण

शरणापूरचा फाटा मागं पडला तेव्हा चांगलं उजाडलं होतं. श्रावणातला शनिवार, त्यामुळं खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी निघालेल्यांची रस्त्यानं रीघ लागलेली. कुणाच्या खांद्यावर भगवा झेंडा, कुणाच्या कानात गाणी, कुणी अनवाणी. मी आणि द्वारका छावणीपासून बरोबर चालत होतो. एका मंडळाच्या मांडवात चालणाऱ्यांना केळी वाटत होते. मी हातात आलेलं केळं मारुतीचं नाव घेऊन सोलायला लागले. द्वारकानं मात्र तिला दिलेलं केळं परत ठेवलं, फणी उचलून उलटी-सुलटी केली आणि मधलं एक स्वतः तोडून घेतलं.

मांडवातला माणूस म्हणाला, "मावशी, समदी एकाच घडाची हायेत."

"आसतील की," ती म्हणाली. "पण हे मी तोडलंय."

पुढं गेल्यावर तिनं ते हुंगलं, देठाकडून थोडं सोलून बघितलं आणि मग खाल्लं. एरवी मला हसू आलं असतं. त्या दिवशी आलं नाही. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या पाण्यात द्वारकानं विष कालवलं, असा तिच्यावर संशय होता. सोमवारी प्राचार्य तिला बोलावणार होते. कंत्राटावरची बाई, काढायची म्हटली तर एका सहीचं काम. पण ती म्हणत होती, नोकरी गेली तर धुणीभांडी करीन, पण विष घालणारी म्हणून मला तिथून निघायचं नाही.

द्वारकाची ही गोष्ट मी तिला विचारून लिहितेय. लिहून झाल्यावर तिनं ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. दुसऱ्यांदा वाचताना मी काही गाळतेय का, हे बघायला ती माझ्या बोटाकडं बघत बसली होती. तिला वाचता फारसं येत नाही, पण ओळ सुटलेली कळते.

ती मूळची पाचोडची. घरची मोसंबीची बाग. बाजाराच्या दिवशी वडील मोसंबी घेऊन निघायचे, थोरला भाऊ मोतीराम बैल सांभाळायचा आणि द्वारकाला एकच काम असायचं. काट्याजवळ उभं राहायचं आणि व्यापाऱ्याच्या अंगठ्याकडं बघायचं. अंगठा पारड्याला टेकला की तिनं खोकायचं. परकराच्या वयापासून हे काम. ती सांगते की पुढं पुढं तर ती नुसती येऊन उभी राहिली तरी व्यापारी हात पाठीमागं बांधायचा. शाळेत तिला बेरीज जमली नाही, पण माणसाचा हात कुठं जातो ते तेव्हापासून दिसतं.

लग्न होऊन ती मुकुंदवाडीत आली. नवरा वाळूजच्या एका कंपनीत वॉचमन. आमच्या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे इथल्या माणसाला सांगायला नको, आणि बाहेरच्याला सांगितलं तर खरं वाटत नाही. द्वारकानं घरासमोरच्या पाण्याच्या टाकीला साखळी घालून कुलूप लावलंय. किल्ली कमरेला. नवऱ्याला अंघोळीला बादली हवी असली तरी तो बाहेरून हाक मारतो. गल्लीतल्या बाया तिला टाकीवरची नागीण म्हणतात. तिला ते ठाऊक आहे. ती म्हणते, म्हणू द्या, पाणी तर शाबूत हाय ना.

मी प्राणिशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक. द्वारका आमच्याकडं कंत्राटी सेविका म्हणून आली, त्याला आता बरीच वर्षं झाली. डबा खाताना ती भिंतीला पाठ लावून बसायची. कुणी भाजी वाढली तर "तेल कोणतं?" विचारायची. प्रसाद घ्यायची, पण कुणी केला ते विचारून. मला तिचा राग यायचा, आणि तरी तिच्या हाती चाव्या दिल्या की मी घरी निर्धास्त जायची.

मग सार्थक सर आले. तरुण माणूस, बाहेरच्या देशात राहून थंड समुद्रातल्या प्रवाळांवर अभ्यास करून आलेला. प्रवाळ म्हणजे मंगळासाठी आपण अंगठीत घालतो त्या पोवळ्याच्या घराण्यातले जीव. दगडावर फूल उगवल्यासारखे दिसतात, पण फूल नव्हेत. बारीक बोटं पसरून पाण्यातून जाणारं खाणं पकडतात आणि काही खुपलं की मिटून घेतात. बरेच प्रवाळ ऊबदार पाण्यातले असतात. सरांना हवे होते ते थंड पाण्यातले. पाणी पंधरा-सोळा अंशांच्या फार वर गेलं की ते आजारी पडतात. आणि आमच्या गावात वैशाखात नळाखाली हात धरला तर पोळतो.

विभागात पहिल्या दिवसापासून संशय. जिथं प्यायला पाणी नाही तिथं समुद्र कशाला? कुणी म्हणालं, सर पोवळी पिकवून सराफ्यात विकणार. कुणी म्हणालं, हा माणूस वर्षभरात सामान घेऊन पुण्याला पळणार. प्राचार्यांना विजेच्या बिलाचा संशय. मला सरांचा संशय नव्हता, पण समुद्र असा टाकीत आणून ठेवणं बरं की वाईट, हे मला कळत नव्हतं. मी सकाळी प्रयोगशाळा उघडताना रोज करते तसा नमस्कार केला आणि गप्प राहिले.

सर मला म्हणाले, या पाण्यावर कुणीतरी डोळ्यांत तेल घालून बसायला पाहिजे. मी त्यांना द्वारकाच्या टाकीवरच्या कुलपाची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, त्याच मावशी द्या मला.

नळजोडणीला माणूस हवा होता. कॉलेजची कामं घेणाऱ्या ठेकेदाराकडं मोतीराम कामाला होताच. द्वारकाचा हाच तो भाऊ. बागेच्या ठिबकच्या नळ्या जोडता जोडता शहरात येऊन प्लंबर झालेला. द्वारकानं सरांना सांगितलं, "माझा भाऊ हाय. डोळे झाकून घ्या." तिच्या तोंडून असं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

काम सुरू झालं. मागच्या बाजूची, उन्हाची तिरीप न येणारी खोली घेतली. वर काचेच्या टाक्यांची रांग, खाली एक मोठी टाकी. वरचं पाणी नळीनं खाली उतरायचं, तिथं गाळलं जायचं, एका उभ्या नळकांड्यात त्याचा घाण फेस निघायचा, मग ते थंड करणाऱ्या यंत्रातून, म्हणजे चिलरमधून, परत वर जायचं. मोतीराम प्रत्येक सांध्याला प्लास्टिकचंच सामान वापरायचा. सरांनी जोडणीत धातू नको म्हणून बजावलं होतं. चिलर आधी खोलीतच ठेवला. तो पाणी गार करायचा आणि खोली तापवायचा, खोली तापली की पाणी परत तापायचं. दोन दिवस हे चाललं. मग सरांनी स्वतःच्या कपाळावर हात मारून तो बाहेर गॅलरीत हलवला. टाक्यांना तीन बाजूंनी थर्मोकोल चिकटवला. इन्व्हर्टर आला, कारण वीज गेली की समुद्र तापणार.

टँकरचं पाणी आधी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून जायचं, मग त्यात पोत्यातलं समुद्राचं मीठ कालवायचं. द्वारका टँकरवाल्याला उभा करून विचारायची, कोणत्या विहिरीचं? काल तर दुसरी सांगितली व्हतीस. मिठाची पोती उघडण्याआधी ती शिवण तपासायची. एकदा कालवलेलं पाणी तिनं बोटावर घेऊन चाखलं तेव्हा सर ओरडले. माणसाच्या हाताचा साबण, तेल, काहीही पाण्यात जाता कामा नये. ती खाली मान घालून बाहेर गेली. रत्नमालानं ते पाहिलं. रत्नमाला आमच्याकडची कायम नोकरीतली सेविका. तिला या खोलीचं काम हवं होतं आणि मिळालं नव्हतं.

पाणी भरायचा दिवस गुढीपाडव्याच्या आसपासचा होता. सरांनी विचारलं, काही पूजा वगैरे करायची असेल तर करा, पण पाण्यात काही टाकू नका. मी दाराबाहेर नारळ फोडला, उदबत्ती लावली, पंपाच्या खोक्याला हळदकुंकू वाहिलं. द्वारका टाक्यांसमोर दोन्ही हात पसरून उभी होती, कुणाच्या हातून अक्षता आत उडू नयेत म्हणून. पाणी वर चढलं, फिरून खाली आलं, खळखळ सुरू झाली. मोतीराम ओल्या कपड्यांनिशी भिंतीला टेकून बघत होता, नवी विहीर लागल्यासारखा.

पण लगेच प्रवाळ आणता येत नाहीत. टाकी पिकावी लागते. दगडांवर न दिसणारे जिवाणू धरावे लागतात, तेच पुढं घाण पचवतात. उन्हाळाभर आम्ही रिकाम्या समुद्राची राखण केली. त्या काळात द्वारकानं खालच्या टाकीवर खडूनं रेघ मारली होती. पाणी रोज रेघेच्या खाली जायचं. तिनं सरळ रत्नमालाला विचारलं, फरशी पुसायला हिथलं पाणी नेतीस का?

"खाऱ्या पाण्यानं फरशी पुसायला मला येड लागलंय व्हय?" रत्नमाला म्हणाली. "तुझ्या घरच्या टाकीला कुलूप, हितंबी कुलूप. उद्या ढगाला घालशील."

सरांनी समजावलं की पाण्याची वाफ होते, मीठ मागंच राहतं, म्हणून रोज गोडं पाणी घालून रेघेपर्यंत आणायचं. द्वारकानं मान डोलावली. रत्नमालाशी मात्र ती पुढं बोलली नाही, आणि रत्नमालाही तिच्याशी.

आषाढात प्रवाळ आले. सगळ्या परवानग्यांचे कागद लागून, थर्मोकोलच्या पेट्यांतून, पिशव्यांतल्या गार पाण्यात. सरांनी बारीक नळीनं आमच्या टाकीचं पाणी त्या पिशव्यांत थेंब थेंब सोडलं, त्यांना सवय व्हावी म्हणून. अर्धा दिवस गेला. मग एकेक उचलून आत ठेवला. आधी नुसते मळकट दगड. संध्याकाळी घरी निघताना द्वारकानं मला हाक मारली. निळ्या उजेडात त्यातल्या एकानं बोटं उघडली होती, पिवळी, केसाएवढी. द्वारका पदर तोंडाला लावून, श्वास काचेला लागू नये म्हणून लांबून बघत होती. म्हणाली, "ताई, ह्ये तर जित्तं हाय."

थोडे दिवस बरे गेले. ती त्यांना नळीनं कोळंबीसारखी बारीक पिल्लं भरवायची, ज्यानं खाल्लं नाही त्याची तक्रार सरांकडं करायची. मग एकेक जण मिटायला लागला. मिटले ते उघडेनात. कडेनं मांस विरून खालचं पांढरं हाड दिसायला लागलं. सरांनी खारेपणा तपासला, थंडावा तपासला, आणखी काय काय तपासलं, सगळं जागेवर. त्यांची झोप उडाली. द्वारकानं टँकरवाल्याशी भांडण केलं, इन्व्हर्टरवाल्यावर नजर ठेवली, एकदा तर मला हळूच म्हणाली की सरच रातच्याला काही घालत नसतील कशावरून.

सरांनी नवं तपासणीचं सामान मागवलं. एका सकाळी नळीतल्या पाण्यानं रंग बदलला आणि ते खुर्चीत बसले. म्हणाले, पाण्यात तांबं आहे. माणसाला काही होणार नाही एवढंच, पण या जिवांना तेवढं विष आहे. आणि जोडणीत तर तांब्याची तारसुद्धा नाही. मग आलं कुठून?

रत्नमाला दाराशी उभी होती. तिचा नवरा शेतकरी. ती म्हणाली, "मोरचूदात तांबंच असतं ना सर? मोसंबीच्या झाडांना लावतात त्ये."

एवढंच म्हणाली. पुढचं सगळ्यांनी आपापलं जोडलं. मोसंबीची बाग कुणाच्या माहेरी? किल्ली कुणाकडं? पाणी चाखताना सर कुणावर ओरडले होते? दुपारपर्यंत विभागात आवाज खाली गेले. द्वारका व्हरांड्यातून आली की बोलणारे थांबायचे. चहा तिला द्यायचे, पण तिनं केलेला कुणी घेईना. तिनं एकदाच मला विचारलं, "तुमीबी?" मी तिच्या हातचा कप घेतला आणि प्याले. पण खरं सांगते, पहिल्या घोटाला जीभ थांबली होती.

सरांनी तिला काही विचारलं नाही. ते वाईट झालं. विचारलं असतं तर तिनं भांडून घेतलं असतं. त्यांनी फक्त दाराला दुसरं कुलूप लावलं आणि त्याची किल्ली स्वतःकडं ठेवली. मग ते पाणी बदलायला लागले, तांबं शोषून घेणाऱ्या पिशव्या घातल्या. प्राचार्यांनी निरोप दिला, सोमवारी बघू.

त्याच शुक्रवारी ती मला म्हणाली, ताई, तुमी श्रावणात मारुतीला चालत जाता ना, मला न्या. ती देवधर्म फार करणारी नाही. मी कारण विचारलं नाही.

दौलताबादला किल्ल्याच्या जुन्या वेशीतून रस्ता आत वळला. तिथं आम्ही पाणी प्यायलो. तिनं स्वतःच्या बाटलीतलं. पुढं घाट लागला. चढावर गर्दी विरळ झाली, बोलणारे गप्प झाले, नुसता चपलांचा आवाज. अर्ध्या घाटात ती कठड्याला टेकली. आधी वर बघितलं, मग खाली, आपल्या मागं-पुढं कुणी ओळखीचं नाही ना. मग कमरेची पिशवी सोडून तिनं हातावर काहीतरी ठेवलं.

लाल कापडाची चिंधी, सडलेली. त्यात जाड तांब्याची जुनी नाणी, निजामाच्या वेळची, घरोघर देव्हाऱ्यात असतात तसली. पण देव्हाऱ्यातली चकचकीत असतात. ही हिरवीगार झालेली, बुरशी धरल्यासारखी.

ती म्हणाली, बुधवारी सरांनी मला खालच्या टाकीतले दगड धुवायला सांगितले, ते स्वतः शेजारी उभे होते. मधेच त्यांना फोन आला म्हणून ते गॅलरीत गेले. सगळ्यात तळाच्या दगडाखाली हे होतं. मी मुठीत धरलं आणि पदराखाली घातलं. का घातलं मला माहीत नाही.

मी विचारलं, "कुणी ठेवलं हे?"

एक बस चढावर घरघरत गेली. मग तिनं सांगितलं.

तिचा आजा विहिरी खोदायचा. नव्या विहिरीला पाणी लागलं की पहिलं पाणी वर यायच्या आत तळाशी दगडाखाली तांब्याचे पैसे ठेवायचे, ही त्याची रीत. गंगामाई आली, तिला रिकाम्या हातानं कसं बसवायचं? आज्यानं ते नातवाला शिकवलं. मोतीराम शहरात येऊन प्लंबर झाला तरी कुणाच्या गच्चीवर टाकी बसवली की तो एक पैसा आत सोडतो. बाजारातून जुनी नाणी वेचून ठेवतो त्यासाठी. आमच्या खोलीत त्यानं खालच्या टाकीत दगड रचले ते पाणी भरायच्या आदल्या दिवशी. सर पाण्यात काही टाकू नका म्हणाले ते दुसऱ्या दिवशी. एवढा मोठा समुद्र, म्हणून एका पैशावर न भागवता त्यानं चिंधीत बांधून मूठभर ठेवले.

"विचारलंस का त्याला?" मी म्हणाले.

व्हय, ती म्हणाली. बुधवारीच संध्याकाळी त्याच्या घरी गेले. चार दिवसांपूर्वीची राखी अजून त्याच्या मनगटाला होती. मी सहज विचारल्यासारखं केलं, दादा, आमच्या कॉलेजात पैसा ठेवला व्हता का रं? तर लई खूश झाला. म्हणाला, मंग? न ठेवता राहीन का? म्हून तर तुमचं पाणी उन्हाळाभर टिकलं. बायकोला हाक मारून सांगायला लागला, बघ, द्वारकीला आठवण हाय आज्याची.

"मग सांगितलंस का, काय झालं ते?"

"कशी सांगू?" ती म्हणाली.

हे छापायला देण्याआधी तिनं मोतीरामभाऊला सगळं सांगितलं. तो काय म्हणाला ते तिनं मला सांगितलेलं नाही, आणि मी विचारलंही नाही. पण आम्ही घाटात बोलत होतो त्या दिवशी त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

मी तिला म्हणाले, यात लपवण्यासारखं काय आहे? सोमवारी हे सरांसमोर ठेव आणि खरं सांग. त्यानं चांगल्या मनानं केलं. सर समजून घेतील.

"सर घेतील," ती म्हणाली. "ठेकेदार कसा घेईल? कॉलेजानं नाव काढलं की तो दादाला उद्यापासून येऊ नको म्हणंल. तो कॉलेजात, दवाखान्यात, हाटेलात समदीकडं माणसं लावतो. ह्या वयात दादाला कोण ठेवणार? आन मी म्हणले व्हते सरांना, डोळे झाकून घ्या. आख्ख्या जल्मात एका माणसाबद्दल म्हणले."

मग तूच सांग की तू ठेवलेस, असं मी पटकन बोलून गेले. बोलल्यावर मला वाटलं, शनिवारी, मारुतीच्या वाटेवर, मी हे काय सुचवतेय. पण ते तिच्या मनात आधीच होतं.

ती म्हणाली, त्यावर कोण विश्वास ठेवील? मी नाणी काढून दाखवली तर म्हणतील, बाईनं मोरचूद घातला आणि आता झाकायला देव्हाऱ्यातले पैसे आणले. मी असते तर मीच म्हणले असते. त्यांचं काय चुकतं?

ते बरोबर होतं. तिच्या जागी दुसरं कुणी असतं आणि द्वारका ऐकणारी असती, तर तिनं पहिला हाच प्रश्न केला असता. इतकी वर्षं ती ज्या नजरेनं बघत आली, तीच नजर आता तिच्याकडं वळली होती, आणि त्या नजरेला काय काय दिसतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

आम्ही परत चालायला लागलो. घाट संपला, कागजीपुरा मागं पडला. मी तिला विचारलं, आता प्रवाळ कसे आहेत? तिचा चेहरा थोडा सैल झाला. काही मेले, ती म्हणाली. पण मधला तो पिवळा, त्यानं काल एक बोट काढलं बाहेर. सरांना दाखवलं नाही. आधी नीट बघते म्हणले, फसवत नसंल कशावरून.

खुलताबादची वस्ती दिसू लागली. हारांच्या, रुईच्या पानांच्या टोपल्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. चपला ठेवायच्या जागी ती थांबली. तिथं बसलेल्या बाईनं चपलांसाठी हात पुढं केला तर तिनं दिल्या नाहीत. स्वतः एका खांबामागं ठेवल्या आणि वरून पिशवी ठेवली. मग माझा हात धरून मला गर्दीच्या बाजूला घेतलं.

"ताई, मला अडाणी म्हणू द्या," ती म्हणाली. "सांगूनबी पाण्यात पैसं टाकले, येडी बाई, देवभोळी, म्हणू द्या. काढायचं तर काढू द्या. पण इख घालणारी नको. माझं बोलणं कुणी मानणार नाय. तुमचं मानतील. ईस वर्सं झाली, तुमी खोटं बोललेलं कुणाला ठावं नाय."

पाठीमागून लोक आम्हाला ढकलून पुढं जात होते.

"हितला मारुती झोपलेला हाय म्हणत्यात," ती आवाज खाली आणून म्हणाली. "मला नाय तसं वाटत. डोळे मिटून ऐकत आसंल. म्हून आत जायच्या आधी सांगते. सोमवारी प्राचार्यांनी इचारलं तर तुमी म्हणा, पाणी भरलं त्या दिवशी मी तिथंच व्हते, आन द्वारकानं पैसं टाकले ते माझ्या डोळ्यांनी बघितलं. म्हणाल ना? व्हय का नाय ते हितंच सांगा, ताई. आत गेल्यावर मला तुमच्याकडनं ते घ्यायचं नाय."